केमो लागणार का, हे त्या गाठीलाच विचारू द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

माझी आई चाळीस वर्षं सोलापुरात विड्या वळते. वळत होती, म्हणायला हवं. आताही मांडीवर सूप घेऊन बसते, पान कापते, तंबाखू भरते. पण दोरा बांधायची वेळ आली की तो बोटांत आहे की सुटला, हेच तिला कळत नाही. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधानं बोटांची टोकं बधिर झालीत. वर्ष झालं.

तिच्या स्तनातली कर्करोगाची गाठ लहान होती, काखेतल्या ग्रंथी स्वच्छ. ईआर पॉझिटिव्ह (इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढणारी), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन जादा नसलेली). आईचं वय ५८. अशा गाठीची एक चाचणी असते; तिच्यातली २१ जनुकं किती सक्रिय आहेत ते मोजून ० ते १०० मधला एक आकडा काढतात. आजार उलटण्याची शक्यता किती आणि केमोचा उपयोग होईल का, याचा त्यावरून अंदाज येतो. अशाच गाठींवरच्या टेलर-एक्स या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. ११ ते २५ आकडा असलेल्या बायकांपैकी काहींना नुसते हार्मोन रोखणारे उपचार दिले, काहींना जोडीला केमो. नऊ वर्षं कर्करोगाविना काढणाऱ्यांचं प्रमाण ८३.३ आणि ८४.३ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. पन्नाशीच्या आतल्या काहींना मात्र केमोचा फायदा दिसला.

आईचा आकडा? काढलाच नाही. चाचणी लाखांच्या घरात, आणि सरकारी योजनेत केमो बसत होती. मग केमोच झाली. डॉक्टरांना बोल लावत नाही. आकडा हाताशी नसताना त्यांनी जोखीम का घ्यावी? कदाचित तो आकडा तीसच्या वर गेला असता आणि केमो घ्यावीच लागली असती. बोटं तेव्हाही गेली असती, पण ही रुखरुख नसती.

ही चाचणी सरकारी योजनेत आणा. सरसकट नको; ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनवर न वाढणाऱ्या, हर-टूही जादा नसलेल्या) आणि हर-टू पॉझिटिव्ह गाठींसाठी ती नाहीच. राज्यानं एकगठ्ठा दर ठरवला तर घासाघीस तरी करता येईल. दुसरं, टेलर-एक्स सहा देशांत झाला, त्यात भारत नव्हता. आपल्याच जिल्ह्यात, बार्शीत, १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. इथल्या बायकांवरचा अभ्यास तिथून का सुरू होऊ नये?

चाचणीला नवी बायोप्सी लागत नाही. मेणात जपलेल्या गाठीच्या ब्लॉकवरच ती होते. आईचा ब्लॉक आमच्या लोखंडी कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत आहे.

आपली,
सोलापूरच्या एका विडी कामगाराची मुलगी