'क्रॉसरोड्स'ची एका ओळीत बोळवण नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकन गायिका-गीतकार ट्रेसी चॅपमनवरचा लेख वाचला. तिच्या 'फास्ट कार' या गाण्याबद्दल भरभरून लिहिलंय, ते रास्तच आहे. पण तिच्या दुसऱ्या अल्बमची, 'क्रॉसरोड्स'ची, 'पहिल्याची सर नाही' एवढ्यावर बोळवण केली, ते मनाला लागलं.

११ जून १९८८ रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर नेल्सन मंडेलांच्या सत्तरीनिमित्त मैफल होती. गायक स्टीव्ही वंडरच्या वाद्यांची ऐनवेळी अडचण झाली, म्हणून २४ वर्षांच्या ट्रेसीला पुन्हा मंचावर पाठवलं. एक गिटार आणि ती, बस्स. तिथून 'फास्ट कार' घराघरात गेलं. पण ज्यांचा वाढदिवस होता ते मंडेला तुरुंगातच होते, आणि ही गोष्ट ती विसरली नाही. ऑक्टोबर १९८९ मध्ये 'क्रॉसरोड्स' आला, त्यातलं तिसरं गाणं 'फ्रीडम नाऊ' त्यांच्यासाठीच आहे. मंडेला सुटले ११ फेब्रुवारी १९९० ला. म्हणजे हे गाणं आलं तेव्हा सुटकेचा जल्लोष नव्हता, सुटकेची मागणी होती. पदरी संगीतातले तीन ग्रॅमी पुरस्कार आल्यावर दुसरं 'फास्ट कार' लिहायचा मोह कुणालाही झाला असता. तिने अल्बमची सुरुवातच केली ती माझ्या आयुष्यावर मालकी सांगू नका, असं बजावणाऱ्या गाण्याने.

एका ऐकण्यात ओठांवर बसेल असं गाणं यात नाही, हे मलाही मान्य आहे. तरी ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर होता, त्यामुळे तो पडला असंही म्हणता येत नाही.

माझ्या मामाने मस्कतहून आणलेली या अल्बमची कॅसेट अजून माझ्याकडे आहे. शेवटच्या गाण्यात गायक-संगीतकार नील यंगचा पियानो आहे, आणि आईने लेकीला केलेला उपदेश: चकाकत्या फळाला भुलू नकोस, आत्मा तेवढा विकू नकोस. रिवाइंड करकरून नेमकी तिथेच टेप सैल झालीय, पियानो लहरतो. तरी मी तीच लावतो.

पुरवणीत या अल्बमवर स्वतंत्र लेख यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा