माहिती निरंक : आरोग्यमंत्र्यांना अनावृत पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांची वेदना व पोट, आणि त्याबाबत दिलेला शब्द

महोदय,

स. न. वि. वि.

आपल्याकडे रोज शेकडो अर्ज येत असतील, म्हणून एका पानात आटोपावे असे ठरवून मी लिहायला बसलो होतो. पण गेल्या आठवड्यात पोस्टमनने एक लिफाफा आणून दिला आणि ते पान अपुरे पडणार हे कळून चुकले. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली मी तीन गोष्टी विचारल्या होत्या. आमच्या जिल्ह्यात मज्जारज्जूला इजा झालेले रुग्ण किती, त्यांच्यासाठी पुनर्वसनाचे तज्ज्ञ डॉक्टर महिन्यातून किती दिवस येतात, आणि त्यांना लागणाऱ्या औषधांची गेल्या वर्षात खरेदी किती झाली. तिन्ही प्रश्नांपुढे जन माहिती अधिकाऱ्यांनी एकच शब्द लिहिला आहे : निरंक. मी अकरा वर्षे एका पतसंस्थेत खतावण्या लिहिल्या, त्यामुळे हा शब्द मला परका नाही. फरक इतकाच, की आम्ही तो रकान्यात काही नसले म्हणजे लिहीत असू. इथे रकान्यात मी आहे.

हे प्रश्न मी हौसेने विचारले नव्हते. दोन वर्षांपूर्वी ३ डिसेंबरला, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनी, आमच्या भागात मेळावा झाला. मांडव होता, शाल-श्रीफळ होते, आणि आम्हा चाकांच्या खुर्चीवाल्यांना छायाचित्रात नीट यावे म्हणून पुढच्या रांगेत बसवले होते. व्यासपीठावरून एका मान्यवरांनी सांगितले की तीन महिन्यांच्या आत जिल्ह्यात महिन्यातून एकदा तज्ज्ञ डॉक्टर येतील आणि आमची नेहमीची औषधे जवळच्याच सरकारी रुग्णालयात मोफत मिळतील. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. हात चालतात माझे. त्यानंतर मी चार स्मरणपत्रे पाठवली. पहिल्याची पोच आली.

मी कोण, हे सांगायला हवे. मे २०१७ मधल्या एका रविवारी आमच्याच परड्यातल्या हापूसच्या कलमावर मी चढलो होतो. आदल्या रात्री वळवाचा पाऊस पडून गेला होता, फांदी निसरडी होती, आणि हातात आंबे उतरवायचा झेला असल्यामुळे सावरायला हात रिकामा नव्हता. खाली दगडी गडगा होता. चौघा शेजाऱ्यांनी हातापायांना धरून उचलले आणि रिक्षात बसवले; आडवे ठेवा, पाठ वाकू देऊ नका, हे त्यांना कोणी कधी शिकवलेच नव्हते. उचलण्यापूर्वी माझी पायाची बोटे हलत होती असे माझा भाऊ आजही सांगतो, आणि सांगताना माझ्याकडे पाहत नाही. दहाव्या वक्षीय मणक्यापाशी, डॉक्टरांच्या भाषेत डी-१० ला, मज्जारज्जू चेचला गेला होता. मणक्यात सळया आणि स्क्रू बसवले, तो खर्च सरकारी योजनेतून झाला, त्याबद्दल मी शासनाचा ऋणी आहे आणि हे मी उपहासाने लिहीत नाही. उपहास पुढे आहे.

शस्त्रक्रिया झाल्यावर योजनेच्या दृष्टीने माझी फाइल बंद झाली. माझ्या दृष्टीने त्या दिवशी ती उघडली.

कमरेखाली मला स्पर्श कळत नाही, पण पाय मात्र जळतात. रात्री साडेनऊच्या सुमारास तळव्यांपासून सुरुवात होते, कोणी मिरचीचा गोळा चोळून वर निखारा धरावा तशी, आणि बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती ओला चामड्याचा पट्टा आवळत न्यावा तसे वाटत राहते. एका सरकारी रुग्णालयात मी हे सांगितले तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरांनी कागदावरची मान वर करून विचारले, ‘‘संवेदना नाही म्हणता, मग दुखेल कसे?’’ त्यांनी डायक्लोफेनॅक लिहून दिले. महोदय, ही वेदना पायात नसते. ती तुटलेल्या वाटेवर, मज्जारज्जूत आणि मेंदूत निर्माण होते, आणि सूज उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांना ती दाद देत नाही. तिला प्रीगाबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधे लागतात. तीही वेदना मिटवत नाहीत, निखाऱ्यावर राख पसरतात एवढेच. मज्जारज्जूच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण कोणत्या ना कोणत्या कायमच्या वेदनेसह जगतात, हे वैद्यकाला अनेक वर्षांपासून ठाऊक आहे. ते आमच्या तालुक्यापर्यंत यायचे आहे.

आता पोटाविषयी. हे वाचताना आपल्याला संकोच वाटेल. मला लिहिताना वाटत नाही, कारण माझा संकोच नऊ वर्षांपूर्वीच संपला.

मज्जारज्जूला इजा झाली की मोठे आतडे मंदावते आणि शौचावरचा ताबा जातो. इजा माझ्यासारखी वर असेल तर गुदद्वाराचा स्नायू आवळलेला राहतो, पण प्रतिक्षिप्त क्रिया शिल्लक असते, आणि तिलाच जागे करून पोट रिकामे करावे लागते. इजा अगदी तळाशी असेल तर तोच स्नायू सैल पडतो आणि मळ बोटाने काढण्यावाचून गत्यंतर नसते. आमच्या घरी मंगळवार, गुरुवार आणि शनिवार हे त्याचे वार आहेत. पहाटे साडेपाचला कपभर गरम चहा, कारण पोटात काही गेले की आतडे हलते. मग पत्नी मला डाव्या कुशीवर वळवते, हातमोजा चढवते, बिसाकोडिलची वर्ती, म्हणजे गुदद्वारातून द्यायची औषधाची कांडी, आत सरकवते आणि स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे पाहत वीस मिनिटे थांबते. त्यानंतर वंगण लावलेले बोट हळूहळू गोल फिरवायचे, थांबायचे, पुन्हा फिरवायचे. सारे नीट झाले तर सात वाजतात. या काळात आम्ही दोघे नेहमी दुसऱ्याच कशाविषयी तरी बोलतो, गॅसच्या सिलिंडरविषयी किंवा मुलाच्या परीक्षेविषयी. हे तिला कोणत्याही परिचारिकेने शिकवले नाही. शस्त्रक्रियेनंतर शेजारच्या खाटेवरच्या एका रुग्णाच्या आईने, पडदा ओढून, पंधरा मिनिटांत शिकवले. त्या बाईंना शासनाने मानधन द्यायला हवे होते.

आणि वेदना व पोट ही दोन वेगळी खाती नाहीत, हे आपल्या विभागाला कोणीतरी सांगायला हवे. वेदनेसाठी दिलेले ट्रामाडॉल आतडे थिजवते, अमिट्रिप्टिलिनही बद्धकोष्ठ वाढवते. पोट तुंबले की पायांचे आचके वाढतात, जळजळ वाढते, आणि मग वेदनेची गोळी वाढवली जाते. मानेच्या मणक्याला इजा झालेल्या माझ्या एका मित्राचे तर पोट तुंबले की डोके फुटल्यासारखे होते, चेहऱ्यावर घामाच्या धारा लागतात आणि रक्तदाब २०० च्या वर जातो. सहाव्या वक्षीय मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असलेल्या कोणालाही असा झटका येऊ शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो. अशा वेळी रुग्णाला आधी उठवून बसवायचे आणि मूत्राशय किंवा आतडे कुठे तुंबले आहे ते शोधायचे असते. माझ्या मित्राला मात्र दोनदा रक्तदाबाची गोळी देऊन घरी पाठवण्यात आले.

माझ्यावर गेल्या महिन्यात जे गुदरले ते यातूनच. एका सरकारी दवाखान्यात ट्रामाडॉल मिळाले, सोबत रेचक मिळाले नाही. सात दिवस पोट झाले नाही आणि आठव्या दिवशी पाण्यासारखे वाहू लागले. घट्ट खड्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो, वरून तो जुलाब वाटतो, ही या आजारातली अगदी प्राथमिक बाब आहे. पण तपासणाऱ्याने पोटाला हात न लावता जुलाब थांबवण्याच्या गोळ्या लिहिल्या. पुढच्या चार दिवसांत पोट ढोलासारखे ताणले आणि उलट्या सुरू झाल्या. खासगी रुग्णालयात तीन दिवस काढले, बिल झाले २३,४०० रुपये. तिथल्या मदतकक्षातल्या मुलाने संगणकात बराच वेळ शोधले आणि अगदी सौजन्याने सांगितले, ‘‘काका, साचलेला मळ काढणे यादीत दिसत नाही. आतडे फुटून ऑपरेशन झाले असते तर बसवता आले असते.’’ मी त्याचे आभार मानले. दुसरे काय करणार?

आपली पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची आरोग्य योजना वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण ती माणूस कापला गेला की जागी होते. मला जंतुसंसर्ग व्हावा, ढुंगणावर हाडापर्यंत शय्याव्रण व्हावे, आतडे फुटावे, मग लाख-दोन लाख सहज मंजूर होतील. हे होऊ नये म्हणून दहा-बारा रुपयांची वर्ती हवी असेल तर ती मात्र बाहेरून आणा. हिशेब करणे हा माझा धर्मच होता, म्हणून करतो. वेदना आणि आचक्यांची औषधे महिन्याला १,६४०, वर्ती, इसबगोल आणि रेचक ९६०, कॅथेटर, जेली व हातमोजे १,१८०, डायपर आणि खाली अंथरायचे कागद ८५०, एकूण ४,६३० रुपये. संजय गांधी निराधार योजनेतून २,५०० येतात, तेही येतील त्या महिन्यात. उरलेले २,१३० माझी पत्नी आंब्याच्या हंगामात पेट्या भरून आणि इतर दिवसांत शिवणकाम करून उभे करते. जनऔषधी केंद्रात यातले काही निम्म्याहून स्वस्त मिळते, पण ते केंद्र ३८ किलोमीटरवर आहे. एसटीच्या भाड्यात आम्हाला ७५ टक्के सवलत आहे. एसटीच्या पायऱ्यांत नाही.

आमच्या तालुक्यात माझ्यासारखे सात जण मला नावानिशी माहीत आहेत : कोणी झाडावरून पडलेला, कोणी परांचीवरून, एक विहिरीत. याच मापाने जिल्ह्यात साठ-पासष्ट असावेत. पासष्ट धरले तर सर्वांचा वर्षाचा खर्च ३६ लाख ११ हजार होतो. माझा आकडा चुकीचा असू शकतो, पण तो ‘निरंक’पेक्षा सत्याच्या जवळ आहे. आपल्या विभागाच्या जाहिरातींवर वर्षाला किती खर्च होतो हे मी अजून विचारलेले नाही. पुढचा अर्ज त्याचाच आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम २५ मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. उत्पन्नाच्या अटीला धरून, घराजवळ, आणि विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवा द्यावी. रुग्णालयात अडथळा नसावा. तपासणीत प्राधान्य असावे, असे ते सांगते. ज्या दवाखान्यात मला जुलाब थांबवण्याच्या गोळ्या मिळाल्या तिथे चाकांच्या खुर्चीसाठी उतार आहे, लोखंडी कठडा आहे आणि उद्घाटनाची संगमरवरी पाटी आहे. उताराच्या तोंडाशी मात्र दवाखान्याचीच मोटारसायकल कुलूप लावून उभी असते. २०२२ मध्ये आमच्यासाठी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निघाला तेव्हा मी पेढे वाटले होते. आता औषधांचे विचारले की आरोग्य विभाग म्हणतो तिकडे विचारा, आणि तिकडे विचारले की ते म्हणतात औषधे हा आरोग्याचा विषय. पूर्वी मी एका दाराशी उभा होतो, आता दोन दारांच्या मध्ये आहे. उभा हा शब्द सवयीने आला. दर वर्षी मात्र माझ्याकडून हयातीचा दाखला न चुकता मागितला जातो. मी जगलो की नाही याची एवढी काळजी घेणारे शासन, कसा जगलो हे एकदाही विचारत नाही.

‘मुंबईला जा’ असा सल्ला मिळतो. हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, हे मला ठाऊक आहे. मी दोनदा जाऊनही आलो. जाण्याआधी दोन दिवस जवळजवळ उपाशी राहावे लागते, कारण गाडीत पोट सुटले तर चाकांची खुर्ची त्या शौचालयात शिरत नाही. प्रौढ माणसाला डायपरमध्ये, लोकांच्या नाकाला लागलेले रुमाल पाहत, पनवेल येण्याची वाट पाहावी लागते. सत्तर वर्षांत ती विद्या हाजी अलीहून आमच्या घाटाखाली उतरली नाही, याला अंतर जबाबदार आहे असे आपण म्हणणार असाल, तर निवडणुकीच्या दिवशी मतदान अधिकारी माझ्या अंथरुणापाशी पेटी घेऊन कसे पोचले, हे मला समजावून सांगावे.

मागणे फार नाही, आणि खरे तर ते मेळाव्यात कबूल झालेलेच आहे. प्रीगाबालिन, आचक्यांसाठीचे बॅक्लोफेन, वर्ती, रेचक, कॅथेटर आणि हातमोजे दर महिन्याला ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीवर मिळावेत आणि त्यासाठी दर वेळी नवा कागद मागू नये. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातल्या किमान दोन परिचारिकांना पोट साफ करण्याची पद्धत आणि त्या रक्तदाबाच्या झटक्याची ओळख शिकवावी. त्याला चार दिवस पुरतात, यंत्रसामग्री लागत नाही आणि, क्षमस्व, फीतही कापता येत नाही. पुनर्वसनाच्या डॉक्टरांनी महिन्यातून एक दिवस यावे. बस. प्रथम अपील मी सोमवारी टाकले आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे.

या पत्राची चौकशी करायला कोणी अधिकारी घरी येणार असतील तर त्यांचे स्वागत आहे. उंबऱ्याला फळी लावलेली आहे. फक्त मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी सातच्या आत येऊ नये. त्या वेळी आम्ही दोघे कामात असतो.

आपला,
रकाना क्रमांक एकमधील एक नागरिक