सरांचं कपाट आणि कॉलेजची लायब्ररी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा आपल्या पेपरात एका पालकांचं पत्र होतं की कोकणातल्या कॉलेजांच्या लायब्रऱ्या म्हणजे धूळ खाणारी गोदामं झालीत, मुलं तिकडे फिरकत नाहीत वगैरे. वाईट वाटलं पण राग नाही आला, कारण मी गेली 22 वर्षं राजापूर भागात कॉलेजमधे ग्रंथपाल आहे आणि त्यातलं अर्धं खरं आहे हे मला माहितीये. ते का खरं आहे तेवढं सांगायला हे पत्र लिहितेय. लांबलं तर कापा, पण शेवटची कपाटाची गोष्ट कृपा करून ठेवा.

कॉलेजात पुस्तकं घेतात कशी हे बाहेर कोणाला माहीत नसतं. फेब्रुवारी आला की आमचं सर्क्युलर निघतं, प्रत्येक विभागाने मागणीचे फॉर्म भरून द्या, ग्रॅण्ट 31 मार्चच्या आत खर्च झाली पाहिजे. तेव्हा सर-मॅडम प्रॅक्टिकल, परीक्षा, इंटर्नलचे मार्क यात गळ्यापर्यंत बुडालेले असतात, मग स्टाफरूममधे चहा पिता पिता पाच नावं लिहून दिली जातात, त्यातली तीन गाइडं, ती पण विक्रेत्याचा माणूस ठेवून गेलेल्या लिस्टमधली. मग आम्ही तीन कोटेशन मागवतो, डिस्काउंट बघतो, बिल, दाखल रजिस्टर, शिक्का, मागच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवतो आणि पुस्तक रॅकला. मे महिन्यात स्टॉक चेकिंगला एकेक पुस्तक हातात घेते तेव्हा मी आधी मागचं पान उघडते. कोरी चिठ्ठी. चार वर्षं झाली पुस्तक येऊन, एक तारीख नाही. पावसाळ्यात दमट हवेने बाइंडिंगला बुरशी येते आणि शेवटी पुस्तक पहिल्यांदा उघडते ती कसर.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. लायब्ररी सायन्स शिकताना आम्हाला अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाचा एक अभ्यास होता, अॅलन केंट यांच्या टीमने केलेला, 1979 साली प्रसिद्ध झाला. 1969 मधे त्या लायब्ररीत आलेली पुस्तकं त्यांनी 1975 अखेरपर्यंत तपासली तर जवळजवळ 40 टक्के पुस्तकं एकदाही कोणी घरी नेली नव्हती. एवढं श्रीमंत विद्यापीठ, तरीही. म्हणून नुसती ग्रॅण्ट वाढवा म्हणून चालत नाही, निवड कोण करतं आणि कधी करतं हे बघायला पाहिजे.

यावर आमच्यात दोन तट आहेत. काही ग्रंथपाल म्हणतात निवड आमच्यावर सोडा, प्राध्यापक आपापल्या पीएचडीच्या विषयाचीच पुस्तकं सुचवतात. आणि काही प्राध्यापक म्हणतात ग्रंथपालाला केमिस्ट्रीतलं काय कळतं. मला दोन्ही पटत नाही. मुलं कुठल्या युनिटला अडतात हे सरांना माहीत, आणि रॅकला काय आहे, कोणती आवृत्ती मुलं नेतात, कोणती हलत नाही, नवीन कितीला पडेल हे मला माहीत. ज्यांना आपण ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणतो ते डॉ. रंगनाथन मुळात मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवायचे, 1924 मधे ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, म्हणजे वर्गात शिकवलेला माणूस काउंटरच्या या बाजूला येऊन बसला. त्यांचा पहिला नियम पुस्तकं वापरासाठी आहेत हा आहे, दरवर्षी 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, त्यांच्या फोटोला हार घालताना मला तो आठवतो आणि त्या कोऱ्या चिठ्ठ्या पण आठवतात.

एक अनुभव सांगते. आमच्या मराठीच्या मॅडम एकदा आल्या, म्हणाल्या दशावतारावर एक पुस्तक मागवा, आपल्याकडे काहीच नाही. मी म्हटलं मॅडम आहे, तेच पुस्तक आहे आपल्याकडे. त्या मराठी साहित्याच्या रॅकला, म्हणजे 891.46 ला (पुस्तकं विषयवार लावायचे आमचे नंबर असतात) शोधत होत्या आणि पुस्तक नाटकाच्या रॅकला 792 ला. आठ वर्षं तिथे होतं. आता चूक कोणाची? नियमाने माझा नंबर बरोबरच होता, पण मॅडम म्हणाल्या अहो मुलं याला लोकसाहित्य म्हणूनच शोधणार, पेपरचं नावच ते आहे. मग मी कॉम्प्युटरवर त्या पुस्तकाला लोकसाहित्य हा पण विषय जोडला आणि त्या वर्षी ते चार वेळा बाहेर गेलं. एक रुपया खर्च नाही. त्यानंतर त्या दर शनिवारी शेवटचं लेक्चर झालं की तासभर येऊन बसायला लागल्या, हातात सिलॅबस, मी रॅकवरची पुस्तकं टेबलावर काढून ठेवायची, हे जुनं झालं, याची एकच प्रत पुरे, हे पुस्तक अवघड आहे पण एखादी हुशार मुलगी वाचेल तर घ्याच, असं चालायचं. हळूहळू झूलॉजीचे सर पण येऊन बसायला लागले. या दोन विभागांच्या पुस्तकांच्या चिठ्ठ्या आज बघा, भरलेल्या आहेत.

आता नवीन शैक्षणिक धोरणाने पेपर बदलले, सिलॅबस मुंबईहून येतं, संदर्भांच्या यादीतली निम्मी पुस्तकं आमच्याकडे नसतात आणि मुलाला मुंबई विद्यापीठाच्या कलिनाच्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात जा म्हणून सांगता येत नाही, रात्रभराचा प्रवास आहे तो. एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन सेवेतून हजारो जर्नल आणि ई-पुस्तकं मिळतात, शोधगंगा या वेबसाइटवर पीएचडीचे थिसिस फुकट आहेत, पण एन-लिस्टचे पासवर्ड मी प्रत्येक शिक्षकाला देते आणि बरेचसे कधी उघडलेच जात नाहीत. यावर फार लिहीत नाही, एकदा शेजारी बसून दाखवलं की जमतं.

मला खरी काळजी आहे ती आपल्या इथल्या कागदांची. बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे ही कातळशिल्पांची गावं आमच्याच तालुक्यातली, कोकणातली कातळशिल्पं 2022 मधे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आणि त्यावर प्रोजेक्ट करायचा म्हणून मुलं माझ्याकडे वाचायला काही द्या म्हणून आली तेव्हा माझ्याकडे गाइडांच्या बारा बारा प्रती होत्या आणि यावर पेपरमधली कात्रणं. 1880 चं जुनं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, ज्यात रत्नागिरी आणि सावंतवाडी एकाच खंडात आहेत, ते आमच्याकडे आहे, पण ते इतिहासाच्या सरांनी वर्गात सांगितल्यावरच मुलांनी मागितलं. सड्यावरच्या (कातळाच्या माळावरच्या) वनस्पती, खाडीतली मासेमारी, वेंगुर्ल्याच्या काजूच्या जाती, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या पुस्तिका, गावोगावच्या शाळा आणि देवस्थानांच्या स्मरणिका, हे दुकानात मिळत नाही, कुठल्या विक्रेत्याच्या लिस्टमधे येत नाही. ते असतं सरांकडे, कारण ते त्या गावात फिरलेले असतात.

आणि इथेच ती कपाटाची गोष्ट. पूर्वी मी दुसऱ्या एका कॉलेजात होते, तिथे भूगोलाचे एक सर होते. 30 वर्षं मुलांना घेऊन तालुकाभर हिंडले, विहिरींच्या पाण्याच्या नोंदी, हाताने काढलेले नकाशे, मुलांचे सर्व्हे, जुन्या अहवालांच्या झेरॉक्स, सगळं विभागातल्या एका लोखंडी कपाटात. मला ते माहीत होतं आणि मी कधी मागितलं नाही, त्यांनाही कधी वाटलं नाही की हे लायब्ररीत देता येतं, कारण आमचं बोलणं वर्षातून एकदा, फॉर्मपुरतं. सर रिटायर झाले, जूनमधे रूम दुसऱ्या विभागाला दिली आणि कपाट रिकामं करून सगळं रद्दीत घातलं. मला कळलं तेव्हा आठ दिवस होऊन गेले होते. आमचे लायब्ररीतले शिपाई मामा रद्दीवाल्याकडे जाऊन आले, दोन नकाशे मिळाले, तेही भिजलेले. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळुणात पुस्तकं चिखलात गेली तेव्हा आपण सगळे हळहळलो, पण हे तर कोरड्या खोलीतून गेलं आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. ज्या जिल्ह्यात 1828 साली वाचनालय सुरू झालं त्या रत्नागिरीत असं व्हावं याचं मला अजून वाईट वाटतं.

आता मी इथे एक रॅक वेगळा काढलाय, मुलं त्याला कोकण कप्पा म्हणतात. बिल नसलं तरी देणगी रजिस्टरला नोंद करता येते, ऑडिटला काही अडत नाही, हे इतर ग्रंथपालांनाही सांगते. प्राचार्यांना विनंती आहे की ग्रंथालय समितीची मीटिंग जूनमधे सिलॅबस समोर ठेवून घ्या, फेब्रुवारीत सह्यांपुरती नको, आणि प्रत्येक विभागातल्या एका शिक्षकाला आठवड्यातला एक तास लायब्ररीसाठी टाइमटेबलमधेच लावून द्या. आणि जे सर-मॅडम या वर्षी रिटायर होतायत त्यांनी कपाटाची चावी ऑफिसात जमा करायच्या आधी आपल्या ग्रंथपालाला एक फोन करा. आमच्याकडे मामा आहेत, रिकामी खोकी पण जपून ठेवलीयत, आम्ही येऊन घेऊन जाऊ.

आपली,
एक ग्रंथपाल
राजापूर तालुका, जि. रत्नागिरी