बाबांच्या ट्रान्समीटरसाठी आभार

बाबांचा रिमोटच्या विमानाचा ७२ मेगाहर्ट्झचा ट्रान्समीटर (हातातला रिमोट) बरीच वर्षं माळ्यावर पडून होता. ९.६ व्होल्टचा नवा बॅटरी पॅक जोडला तरी त्याच्या मीटरची सुई हलेना. फोनवर ज्यांना विचारलं त्या काकांनी ट्रान्समीटरमधली बॅटरीची जुनी काळी वायर सोलायला सांगितली. आतली तांब्याची तार काळी ठिक्कर पडली होती, टोकाला हिरवी भुकटी! जुन्या निकेल-कॅडमियम सेलमधला गळलेला क्षार वायरीतून चढतो, हे तेव्हा कळलं.

विमानं उडवायच्या मैदानावरच्या दादांनी व्हिनेगर आणि जुन्या टूथब्रशने सर्किट बोर्ड साफ केला, वायर बदलली. सिग्नल नीट पोचतो का हे बघायला अँटेना मिटवून, तीस पावलं लांब जाऊन, सर्व्हो (विमानाचे हलणारे भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) थरथरत नाहीत ना हे तीनदा पाहिलं. पैसे घेतलेच नाहीत.

दोघांचे मनापासून आभार. रविवारी विमान उडालं. बाबा बराच वेळ वर बघत उभे होते.