विसार देण्याआधी

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या चिखलीकडचं ते रान बघून पुण्याला आले, तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. बाबा, तुम्ही बांधावर बसून माती हातात चुरत होतात. किती वर्षांनी तुमचा चेहरा इतका खुललेला बघितला! म्हणून फोनवर घाईत न बोलता लिहिते. रान घ्यायला माझी ना नाही. पण विसार इतक्यात देऊ नका.

माती काळीभोर आहे, खरं आहे. पण विहिरीजवळच्या बाभळीत माझ्या डोक्याच्या वर उसाचा पाला अडकला होता आणि खोडावर तिथपर्यंत वाळलेला गाळ होता. एजंट म्हणाला, वाऱ्यानं आला असेल. पाला वाऱ्यानं येतो, गाळ येत नाही. 2019 ला आणि 2021 ला महापुरात त्या बाजूला काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांच्या, म्हणजे धोक्याच्या पातळीच्या, वर गेलं की हे रान किती दिवस बुडून राहतं, ते शेजारच्या रानवाल्यालाच विचारा. उसाच्या पोंग्यात, शेंड्याच्या कोवळ्या पानांत, गाळ बसला की ऊस कुजतो.

विहिरीवर तीन मोटारी आहेत. 'पाण्यात हिस्सा आहे' हे तोंडी नको. हिस्सा किती, पाळी कुठल्या वारी, सगळं खरेदीखतात यायला हवं. वाटही दुसऱ्याच्या बांधावरून आहे. ती नकाशात नसेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम 143 खाली मागता येते, पण या वयात तुम्ही तारखांना हेलपाटे घालावेत असं मला वाटत नाही. मोजणी मात्र आधीच करून घेऊ.

आता खरी गोष्ट. तुम्ही दिलेले कागद गाडीत वाचले. सातबाऱ्यावर विकणाऱ्या दोघा भावांचीच नावं आहेत आणि सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे. बोजा फेडता येतो. पण त्यांचे वडील गेल्यावरच्या वारसाच्या फेरफारात दोन बहिणीही आहेत. त्यांची नावं कशी गेली? नोंदवलेलं हक्कसोड पत्र कुठंय? हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. उद्या त्या कोर्टात गेल्या तर आपण अडकू, हा एक भाग झाला. आई, माहेरच्या रानाच्या कागदावर तुझी सही कशी घेतली ते तूच मला सांगितलंयस. तसंच इथं झालं असेल तर फुकट दिलं तरी मला ते रान नको.

कागलच्या उताऱ्यावर बाबांचं नाव आहे, त्यामुळे शेतकरी असल्याच्या पुराव्याची काळजी नाही. तेवढा ताजा 8अ चा खातेउतारा काढून ठेवा.

पुढच्या शनिवारी येते. त्या बहिणी कुठं दिल्यात त्याची चौकशी करून ठेवा, आपण तिघं त्यांच्या घरी जाऊ. आई, गुडघ्याचा पट्टा बांधूनच तयार राहा.

तुमची,
माई