वेळेवरून घसरणारी चौकट

महोदय,

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या फलकांवर एक चूक वारंवार दिसते. ‘टाकी सफाईमुळे शनिवारी सकाळी १० ते २ पाणी बंद राहील’ अशी नोटीस असते, पण वेळेभोवती काढलेली चौकट ‘बंद राहील’वर जाऊन बसलेली असते. वर्डमध्ये ‘शेप्स’मधून काढलेला आयत परिच्छेदाला बांधलेला असतो, शब्दाला नाही. मागाहून ‘कृपया’ एवढा शब्द जरी आत घातला, किंवा फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की अक्षरे सरकतात आणि आयत जागच्या जागी राहतो. घाईत जिना उतरणारा माणूस चौकटीतलेच वाचतो, म्हणून हे किरकोळ नाही.

खरे तर वर्डमध्ये चौकट, म्हणजे बॉर्डर, थेट शब्दालाच देता येते. ‘१० ते २’ एवढेच सिलेक्ट करा. ‘होम’ टॅबमध्ये ‘पॅराग्राफ’ गटातल्या बॉर्डरच्या बटणाशेजारचा बाण दाबून सर्वांत खालचे ‘बॉर्डर्स अँड शेडिंग’ उघडा, ‘बॉक्स’ निवडा आणि उजवीकडे खाली ‘अप्लाय टू’मध्ये ‘टेक्स्ट’ आहे ना, ते पाहून ओके करा. बहुतेकांचे इथेच चुकते. काही सिलेक्ट न करता नुसता कर्सर शब्दात ठेवला, तर तिथे ‘पॅराग्राफ’ येते आणि अख्ख्या परिच्छेदाला या समासापासून त्या समासापर्यंत चौकट बसते. रेघेची जाडी आपोआप अर्धा पॉइंट येते. फलकावर लांबून दिसायला १ ते दीड पॉइंट घ्यावी.

शब्दाच्या बॉर्डरला आतले अंतर वाढवता येत नाही, ‘ऑप्शन्स’ बटण बंदच असते. रेघ अक्षराला चिकटलेली वाटली, तर शब्दाच्या दोन्ही बाजूंना कंट्रोल-शिफ्ट-स्पेसबारने एकेक जागा सोडा आणि त्या जागांसकट बॉर्डर द्या. ‘१०’, ‘ते’ आणि ‘२’ यांच्यामध्येही हीच न तुटणारी जागा वापरा. साधी स्पेस असेल तर ओळीच्या शेवटी वेळ तुटते आणि एकाच्या दोन चौकटी होतात.

मराठीसाठी आणखी एक काळजी. ओळींमधले अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवून कमी केले, की वेलांटी, मात्रा आणि रफार वरून कापले जातात. ते ‘मल्टिपल’ करून १.३ किंवा १.५ ठेवावे, खालीवर आलेल्या दोन चौकटीही मग एकमेकींना खेटत नाहीत.

चौकट काढायची असेल तर शब्द सिलेक्ट करून कंट्रोल-स्पेसबार दाबावे. त्याने ठळकपणाही जातो, तो पुन्हा द्यावा लागतो. दर महिन्याला नोटिसा काढणाऱ्या सचिवांनी ‘कॅरेक्टर’ प्रकारची एक स्टाइल (नावाने जतन केलेली अक्षरांची मांडणी) करून तिच्यातच बॉर्डर ठेवावी. जाडी एकदा बदलली की सगळीकडे बदलते.

वर्डसारख्याच लिब्रेऑफिस रायटरमध्ये ‘फॉरमॅट’, ‘कॅरेक्टर’, ‘बॉर्डर्स’ या वाटेने हेच होते. शिवाय तिथे आतले अंतर हवे तेवढे देता येते आणि एकाच बाजूला रेघही मिळते, जी वर्ड शब्दाला देत नाही. गूगल डॉक्समध्ये मात्र बॉर्डर परिच्छेदालाच लागते. तिथे आयत काढत बसू नये. वेळ ठळक करावी आणि मागे फिका पिवळा हायलाइट द्यावा.

– एक डीटीपी व्यावसायिक, नौपाडा, ठाणे (प.)