तिकिटं काढून झाली आहेत

देजॉन, दक्षिण कोरिया, रविवार रात्र

ती. आई आणि बाबा यांना
सा. न. वि. वि.

फोनवर हे सांगायला गेलं की आई "बरं बरं" म्हणून फोन बाबांकडे देते आणि बाबा आधी भाडं विचारतात. म्हणून लिहितेय. दादाला मोठ्या अक्षरात छापून आणायला सांगितलंय. बाबा, मोठ्यानं वाचून दाखवू नका. आईला तिचं तिला वाचू दे.

तिकिटं काढून झाली आहेत. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं, तीन आठवडे माझ्याकडे. परत करता येत नाहीत. म्हणजे येतात, पण इतके पैसे कापतात की बाबांना ते बघवणार नाही. तुम्हाला न विचारता केलं, चुकलं. पण विचारलं असतं तर आधी मावशीकडचं बारसं निघालं असतं, मग गच्चीचं वॉटरप्रूफिंग, मग "पुढच्या वर्षी बघू". पुढच्या वर्षीचं मला आता ऐकवत नाही. फेब्रुवारीत बाबांना स्टेंट टाकला तेव्हा मी इथे प्रयोगशाळेच्या जिन्यात फोन धरून बसले होते. वहिनीनं कॅमेरा फिरवला आणि मला फक्त बाबांचे पाय दिसले, मोजे न घातलेले. त्यावर अजून बोललेलो नाही आपण. नकोच.

तर त्यातला एक शनिवार-रविवार बुसानला. समुद्रकाठचं मोठं शहर आहे. आमच्या देजॉनहून वेगवान गाडीनं पावणेदोन तासांच्या आत पोचतो. गाडी ताशी ३०० पर्यंत जाते पण कपातला चहा हलत नाही. मी शुक्रवारची रजा टाकली आहे, म्हणजे गर्दी नको आणि घाईही नको. गणपतीपुळ्यासारखं होणार नाही, शपथ. खोलीचे पैसे आधीच भरलेत आणि फोटोतली खोली मी स्वतः जाऊन पाहून आले.

खोली ग्वांगाल्लीच्या किनाऱ्यावर घेतलीय. समोर समुद्रातून जाणारा पूल आहे, सात किलोमीटरच्या वर लांब, २००३ मध्ये सुरू झालेला, रात्री रंगीत दिवे लागतात. शनिवारी रात्री किनाऱ्यावर आकाशात ड्रोनचा खेळ असतो. बाबा तोवर झोपलेले असतील, आई आणि मी खिडकीतून बघू. आईला पलंग, बाबांना खाली गादी. इथे जमीन खालून गरम करायची सोय असते, त्यामुळे "खाली झोपून पाठ धरते" ही आईची तक्रार या वेळी चालणार नाही. संडासात पाण्याचा फवारा आहे, कोमट. हे मुद्दाम लिहितेय, कारण सिंगापूरहून आल्यावर बाबा सहा महिने याच विषयावर बोलत होते.

जेवणाचं. भात चिकट असतो, आपल्या आसट भातासारखा, मेतकूट-तुपाबरोबर उत्तम लागतो. (मेतकूट आण.) भाज्या घातलेला भात मांसाशिवाय मिळतो, मी सांगून करून घेते. किमची मात्र आई, विचारल्याशिवाय खाऊ नकोस, बहुतेकदा त्यात मासळीचा अर्क असतो. चगलचीचा मासळीबाजार बाबांसाठी. विकणाऱ्या सगळ्या बायका, रबरी बूट घालून, आवाज असा की मिरजेच्या मंडईतल्या मावश्या गप्प बसतील. आईनं लांबूनच बघावं. तिथून जवळच हॉत्तोक मिळतं, गरम तळलेली पोळी, आत वितळलेली साखर आणि बिया, गुळपोळीच्या जवळचं काहीतरी. बाबा, अर्धं. मी मोजणार आहे.

आता खरी गंमत. हेउंदे भागात समुद्राला चिकटून जुना रेल्वेमार्ग होता. २०१३ मध्ये गाड्या आतल्या मार्गानं वळवल्या आणि २०२० पासून त्याच रुळांच्या जागेवर एक छोटी गाडी चालते, मिपो ते सोंगजोंग, पाच किलोमीटरही नाही. सायकलवाल्याच्या वेगानं जाते. बाकं समुद्राकडे तोंड करून. बाबा, तुम्ही ३४ वर्षं गार्डाच्या डब्यातून मागे पळणारे रूळ बघितलेत. इथे आडवं बघत जायचं. मधे चोंगसापोला एक लाल आणि एक पांढरं अशी दोन दीपगृहं समोरासमोर उभी आहेत, तिथे उतरून चहा. हिरवा झेंडा मागू नका कुणाकडे.

डोंगरउतारावरची रंगीत घरांची वस्ती सगळे बघतात, मी ती यादीतून काढली. चढ फार आहे. आईला वाटेल गुडघ्यांमुळे काढली. मलाच कंटाळा आलाय तिचा.

देऊळ मात्र काढलं नाही. हेदोंग योंगगुंगसा. बुद्धाचं, १३७६ मध्ये स्थापलेलं, थेट खडकांवर, लाटा पायाशी येतात. इथली देवळं बहुतेक डोंगरात असतात, हे वेगळं. खाली जायला १०८ पायऱ्या आहेत. आकडा वाचून आई आता ऐकणार नाही हे माहीत आहे. दर वीस पायऱ्यांना थांबायचं, पट्टा बांधायचा, आणि "मी येते गं, तू हो पुढे" म्हणायचं नाही.

रविवारी गिम्हे. बुसानला लागूनच आहे, छोटी मेट्रो जाते, तिथल्या प्राचीन काळच्या राजा सुरोच्या समाधीच्या नावाचं स्टेशनच आहे. त्याची राणी हो ह्वांग-ओक, कथेप्रमाणे इसवी सन ४८ मध्ये सोळाव्या वर्षी बोटीनं अयुता नावाच्या देशातून आली. अयुता म्हणजे आपली अयोध्या, असं पुष्कळ लोक मानतात. बाबा म्हणतील पुरावा काय. कथा तेराव्या शतकात लिहिलेल्या ग्रंथातली आहे, एवढंच. समुद्र शांत राहावा म्हणून तिनं बोटीत दगड घेतले होते म्हणे, ते तिच्या समाधीजवळ एकावर एक रचून ठेवलेत, लालसर. मी मार्चमध्ये एकटी गेले होते. तिच्या आईवडिलांना स्वप्न पडलं, देवानं सांगितलं पोरीला पाठवा, आणि त्यांनी पाठवली, असं आहे त्या कथेत.

त्यांना निदान स्वप्न पडलं. तुम्हाला मी पत्रातून सांगतेय: माझं काम आणखी दोन वर्षं वाढलंय. सही गेल्या महिन्यात केली. गिम्हेला दगडांसमोर उभं राहून सांगायचं ठरवलं होतं, पण तिथे आई रडली असती आणि तिची सुट्टी वाया गेली असती. पगार वाढलाय, वर्षातून दोनदा येता येईल, आणि पुण्यात हे काम करणारी जागा आत्ता नाही. शोधली. बाबांना माहीत आहे मी शोधली. दोनच वर्षं. पहिल्यांदाही मी दोनच म्हणाले होते, हे मला आठवतंय. आई, तू बोलून दाखवू नकोस.

इथे पोरं वडिलांना आप्पा म्हणतात. स्टेशनवर कुणी "आप्पा!" अशी हाक मारली की मला अजून वाटतं आपले आप्पा धोतर सावरत वळून बघतील. तुम्ही आलात की कळेल.

सामान: गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, मूळ पाकिटात, वाटीत काढून नाही. ताजा कढीपत्ता, लिंबं, कुठलंही फळ आणू नका, विमानतळावर काढून घेतात. भाजणी चालेल. आईनं चप्पल नाही, बूट घालायचे, आत्तापासून रोज घालून दोन फेऱ्या मारायच्या. वाऱ्याला कानटोपी, बाबांची ती माकडटोपीसुद्धा चालेल, फोटोत मी काही म्हणणार नाही. जायच्या आधी बाबांची तपासणी करून रिपोर्ट मला पाठवायचा, "सगळं नॉर्मल" असा निरोप नाही, रिपोर्टचा फोटो.

फोन शनिवारी करा. आमचं घड्याळ साडेतीन तास पुढे आहे, तेव्हा तुमच्या सायंकाळी सहाच्या आत. आणि आधी आईनं बोलायचं.

तुमची
मनू

ता. क. माझी जुनी गोधडी माळ्यावर असेल. बॅगेत जागा उरली तरच.